कटरे मॅडमच्या नऊ कॅसेटी

कॅप्चर कार्ड कोणतं घ्यावं, हे आता मला कोणी विचारत नाही. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि काढलेलं जागच्या जागी दिसतं. पण दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं अशी होती, की तिरोडा, आमगाव, गोरेगाव, थेट अर्जुनी मोरगावपासूनचे लोक हा प्रश्न घेऊन गोंदियाला माझ्या दुकानात येत. कोणाच्या हातात लग्नाची कॅसेट असे, कोणाच्या हातात नुसताच प्रश्न.

मी मूळचा टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करणारा. कॉम्प्युटर आले तेव्हा सोल्डरिंगची सवय असलेला माणूस म्हणून लोक माझ्याकडे ते जोडून मागू लागले. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम नागपूरहून आणायची आणि इथं बसवून द्यायची. त्यात हे कॅप्चर कार्ड आलं.

नव्या वाचकाला ते काय असतं हे सांगायला हवं. कॅसेटमधलं चित्र म्हणजे सतत वाहणारी धार असते. कॉम्प्युटरला धार कळत नाही, आकडे कळतात. मग मध्ये कोणीतरी बसून सेकंदाला पंचवीस वेळा त्या धारेचं माप घ्यायचं आणि आकडे लिहून द्यायचे. हे काम करणारी हिरवी पट्टी म्हणजे कॅप्चर कार्ड. स्वस्त कार्ड नुसतं माप घेतं आणि लिहायचं काम कॉम्प्युटरवर ढकलतं. कॉम्प्युटर दमला की मधली चित्रं गळतात. चांगलं कार्ड माप घेऊन, चित्र-आवाज एकत्र बांधूनच पुढं देतं. फरक एवढाच, पण हा एवढासा फरक समजावता समजावता माझा घसा बसे.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एका राईस मिलच्या शेठजींनी आल्या आल्या सांगितलं, "सबसे बढ़िया वाला लगा दो." मी बसवलं. मग विचारलं, "कॅसेट कौनसी है?" ते म्हणाले, "कॅसेट तो कोई नहीं है. पर कल को जरूरत पड़ी तो?" ते कार्ड कॉम्प्युटरबरोबरच म्हातारं झालं. आमगावच्या एकाच्या कार्डाची सेटिंग अमेरिकेच्या पद्धतीची राहून गेली होती, म्हणून सगळं लग्न काळंपांढरं उतरलं. मी दुरुस्त करून देतो म्हणालो, तर तो नको म्हणाला. त्याच्या सासऱ्याला ते काळंपांढरंच जास्त आवडलं होतं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या कामाबद्दल कोणी लिहायला सांगितलं की मला पहिल्यांदा आठवतात त्या कटरे मॅडम.

त्या गोरेगावजवळच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. पस्तिशीच्या असतील. पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात शाळेची चौरेघी वही होती. वहीत त्यांनी मदरबोर्डचं चित्र पेन्सिलनं काढलेलं, कुठली वायर कुठं जाते त्याला बाण केलेले.

"भाऊ, मी कॉम्प्युटर घरीच जोडून राहिली आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं झालं. आता व्हीएचएस कॅसेट आत घ्यायचं कार्ड पाहिजे."

"मी बसवून देतो ना, मॅडम. डबा इकडे घेऊन या."

"नाही. मी विज्ञान शिकवते. दुसऱ्यानं बसवलेलं मुलांना काय दाखवू?"

त्या वेळी माझ्या कपाटात एक टीव्ही ट्यूनर कार्ड बरेच महिने पडून होतं. त्यावर केबलचा टीव्हीही दिसे आणि कॅसेटही उतरवता येई. मी तेच काढलं. खरं सांगायचं तर ते त्यांच्यासाठी निवडलं नव्हतं, माझं कपाट मोकळं व्हावं म्हणून निवडलं होतं. मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "चित्राची पिवळी वायर इथं लागते. आवाजाची कुठं?"

"ती यात नाही. ती मागं साऊंडच्या भोकात लावायची."

"म्हणजे चित्र एका रस्त्यानं जाणार आणि आवाज दुसऱ्या?"

"हो."

"मग दोघं बरोबर पोचतात?"

इतका नेमका प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं. पाच-दहा मिनिटं बरोबर पोचतात, तासाभराच्या कॅसेटमध्ये हळूहळू फाटत जातात. पण दुकानात आणखी दोन माणसं उभी होती. मी म्हणालो, "पोचतात, मॅडम." आणि कार्ड पिशवीत घातलं.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. चिडलेल्या नव्हत्या. वहीचं नवीन पान उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी बाजारातली एक भजनाची कॅसेट लावून पाहिली होती, कारण खराब झाली तरी चालेल अशी तीच होती. दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द यांत किती अंतर पडतं, विसाव्याला किती, चाळिसाव्याला किती, असा तक्ता केलेला.

"अंतर वाढतच जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर बरोबर पोचतात म्हणालात."

मी विंडोजला दोष दिला, रॅमला दोष दिला. शेवटी म्हणालो, "तुमची एक कॅसेट ठेवून जा. मी इथं करून देतो."

त्यांनी बराच विचार केला. पिशवीत दोन कॅसेटी होत्या, त्यातली एक निवडून दिली. वर बॉलपेननं लिहिलं होतं, 'तुरकर यांचे लग्न, कच्चे'.

कच्चे म्हणजे काय तेही सांगतो. लग्नाचं शूटिंग व्हायचं ती मूळ कॅसेट कच्ची. मग शूटिंगवाला तिच्यावरून काटछाट करून, वर सिनेमाची गाणी चढवून दुसरी कॅसेट बनवायचा आणि ती घरच्यांना द्यायचा. लग्नाघरची बडबड, भांडणं, रडारड सगळी गाण्याखाली जायची. कच्ची कॅसेट शूटिंगवाल्याकडे राहायची आणि बहुतेक वेळा पुढच्या लग्नाला तिच्यावरच पुन्हा शूटिंग व्हायचं.

मॅडमकडे कच्ची कॅसेट कशी, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझ्याही दुकानात तेव्हा तसलंच कार्ड होतं. आवाज फाटणारच, मग त्यावर मी माझी नेहमीची युक्ती केली. आवाजाची वायर जोडलीच नाही. नुसतं चित्र घेतलं आणि त्यावर सनईची पट्टी चढवली. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसत होती, आपल्याकडच्या दमट हवेत ट्रंकेतल्या कॅसेटी अशाच होतात. पण ती खोलून पुसायचा कंटाळा केला. चित्र बरं उतरलं. मला वाटलं, मॅडम खूश होतील.

त्या आल्या, स्टुलावर बसल्या, सीडी लावली. मांडव दिसला, बायका दिसल्या, वर सनई. मॅडम दोन-तीन मिनिटं पाहत राहिल्या.

"आवाज कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"सनई टाकली ना, मॅडम. नाहीतर नुसता गोंगाट होता."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पदराच्या टोकानं पुसत बसल्या. मग खाली पाहतच सांगितलं, "हे शूटिंग माझ्या दादानं केलं आहे. हेमराज. आमच्या भागात पहिला कॅमेरा त्यानंच आणला होता. त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेला. सगळ्यांचे फोटू त्यानं काढले, त्याचा एकही नाही. शूटिंग करणारा शूटिंगमध्ये कुठून दिसंल? पण कॅमेऱ्याच्या मागून तो सारखा बोलत राहायचा. मागं सरका, इकडं पाहा, हसा. मला तेवढंच पाहिजे होतं, भाऊ. चित्र नको होतं मला."

मी लगेच कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, म्हणालो, आत्ता आवाज घेतो. घाईच घाई. पहिल्या फेरीतच त्या बुरशीनं पट्टी चिकट झाली होती. दुसऱ्या फेरीला आत करकर असा आवाज आला. बटण दाबून कॅसेट बाहेर काढेपर्यंत पट्टी रोलरला गुंडाळून चुरगळून गेली होती. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन व्हीसीआर खोलला, पट्टी सोडवली, बोटांनी सरळ करत बसलो. जिथं चुरगळली तिथं काहीच उरलं नव्हतं आणि ती बरीच चुरगळली होती. उरलेल्या भागावर नुसती खरखर.

मॅडम पाहत होत्या. म्हणाल्या, "सगळ्यांत कमी महत्त्वाची म्हणून ही दिली होती. आता हीच आठवत राहील."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चुरगळलेली कॅसेट पिशवीत ठेवली आणि बस पकडायला निघून गेल्या.

मेकॅनिक लोकांना एक गोष्ट फार उशिरा कळते. आपण यंत्राला प्रश्न विचारत राहतो, माणसाला विचारत नाही. तुम्हाला यात काय पाहायचं आहे, काय ऐकायचं आहे, एवढं एक वाक्य मी विचारलं असतं तर ते टीव्ही ट्यूनर कार्ड मी कपाटातून काढलंच नसतं.

त्या आठवड्यात मी नागपूरला गेलो. तीन दुकानं फिरलो. मला हवं होतं असं कार्ड, ज्याला चित्राची आणि आवाजाची दोन्ही वायरी एकाच ठिकाणी लागतात आणि जे दोघांना तिथल्या तिथं एकत्र बांधून देतं. दोन दुकानांत त्यांनी मला तेच दाखवलं जे मी मॅडमना दिलं होतं, नुसता खोका वेगळा. तिसऱ्या दुकानात एक सापडलं. दुकानदार म्हणाला, हे कोणी नेत नाही, यात टीव्ही दिसत नाही. मी म्हणालो, टीव्ही पाहायचाच नाही. परत आल्यावर सात-आठ दिवस मी ते माझ्याच कॉम्प्युटरवर चालवलं. दीड-दीड तासाच्या नको असलेल्या कॅसेटी लावून शेवटच्या मिनिटाला ओठ आणि शब्द जुळतात का ते पाहिलं. मॅडमसारखाच तक्ता केला. सगळीकडे शून्य आलं, तेव्हा गोरेगावला निघालो.

रविवार होता. मोटरसायकलच्या मागं माझा चांगला व्हीसीआर गोधडीत गुंडाळून बांधला होता. मॅडमचं घर शोधायला वेळ लागला नाही, कॉम्प्युटरवाल्या बाई म्हटलं की कोणीही सांगे. मला दारात पाहून त्या गोंधळल्या.

"मी काही कॅसेटी घेऊन जायला आलो नाही," मी म्हणालो. "इथंच करू. तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्यासमोर. जुनं कार्ड काढा, हे बसवा."

त्यांनी कार्ड हातात घेतलं, दोन्ही वायरी लागायची जागा पाहिली आणि स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेल्या. बसवलं त्यांनीच.

मग आम्ही कॅसेटी साफ केल्या. आठ उरल्या होत्या. एकेक खोलायची, पट्टी हातानं पुढं सरकवत मऊ कापडानं बुरशी टिपायची, पुन्हा बंद करायची. दोन रविवार त्यातच गेले. तिसऱ्या रविवारी लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून बसलो. इन्व्हर्टरवर चालवून पाहिलं होतं, पण त्याची घूं घूं सगळ्या आवाजात शिरत होती. म्हणून खरी लाइन असेल तेव्हाच.

सुरू करण्याआधी मी मॅडमना सांगितलं, "एक नियम आहे. ही पट्टी एकदाच नीट चालेल असं समजायचं. एकदा सुरू केलं की थांबवायचं नाही, मागं घ्यायचं नाही. काहीही ऐकू आलं तरी."

"कळलं," त्या म्हणाल्या.

पहिल्या कॅसेटला हेमराजचा आवाज आला तो असा: "काकाजी, थोडे मांगं सरका. तुमच्या फेट्यानं नवरीच दिसून नाही राहिली." नंतर कोणा मुलीला, "काऊन रडून राहिली वं? अजून तर नवरदेव यायचाच आहे." मॅडम हसल्या आणि हसता हसता तोंडावर हात धरला, जणू आपला आवाज त्या पट्टीवर जाईल.

त्या आणि पुढच्या रविवारी मिळून अशा चार कॅसेटी झाल्या. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तोवर तो मला ओळखीचा झाला होता. मोठ्या आवाजाचा, सगळ्यांना हुकूम सोडणारा, मधूनच खोकणारा.

पाचवी कॅसेट मॅडमच्या स्वतःच्या लग्नाची होती. त्यांना ती शेवटी लावायची होती, पण लाइन जायला दीडच तास होता आणि तेवढ्यात बसेल अशी तीच होती. नवरीच्या वेशातल्या मॅडम अठरा वर्षांच्या, ओळखू येत नव्हत्या. दादा तिच्याशी बोलतच नव्हता. इतरांना हुकूम, तिला एक शब्द नाही.

"पाठवणीलाही जवळ आला नाही," मॅडम स्क्रीनकडे पाहत म्हणाल्या. "मी गाडीत बसेपर्यंत वाट पाहिली. मला वाटलं, त्याला कॅमेराच महत्त्वाचा. खूप वर्षं राग होता माझा."

पाठवणीच्या आधी चित्र अचानक हललं आणि आडवं झालं. त्यानं कॅमेरा बहुतेक खुर्चीवर ठेवला होता. मांडवाचा बांबू आणि कोणाची तरी धोतरातली पावलं एवढंच दिसत होतं. वाटलं, इथं बंद होईल. झालं नाही. मग आवाज आला.

"काकाजी, एक गोष्ट आहे. शकूचा डी.एड.चा फारम मी भरून ठेवला आहे. बारावीचे मार्क चांगले आहेत तिचे. नंबर लागला तर तिले पाठवसाल ना?"

शकू म्हणजे मॅडम. दुसरा, जड आवाज म्हणाला, "पाहू."

"पाहू नका म्हनू. हो म्हना."

"लग्नाच्या मांडवात हे काय गा काढलंस?"

"मंग कवा काढू? उद्या ती तुमच्या घरची झाली. मंग मी कोन विचारनारा?"

मग बराच वेळ नुसते मांडवातले आवाज. मागं बँड वाजत होता. कोणीतरी पाणी मागत होतं. मॅडमचा हात माऊसकडे गेला. मी म्हणालो, "मॅडम, नाही." त्यांनी हात मागं घेतला आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसल्या, वर्गातली मुलं बसतात तशा.

जड आवाज म्हणाला, "हो. पाठवतो. जा आता, तुहा कॅमेरा पडला आहे तिकडे."

मग चित्र पुन्हा उभं झालं. दूरवर गाडीत बसणारी नवरी दिसली. कॅमेऱ्यामागून नुसतं नाक ओढल्याचा आवाज दोन-तीनदा आला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो शूटिंग करतच होता.

कॅसेट संपायला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. रिकामा मांडव, आचारी, उष्ट्या पत्रावळी, सगळं उतरलं. मॅडमचे गाल ओले झाले होते, पण त्या हलल्या नाहीत. पट्टी संपून खटका पडला तेव्हा मी फाइल नीट साठली का ते तपासलं.

"झालं," मी म्हणालो. "आता कितीही वेळा पाहा. ही झिजत नाही."

त्यांनी ती जागा काढून पुन्हा लावली नाही. म्हणाल्या, "मला सगळे सांगायचे, तुझे सासरे मोठ्या मनाचे. सून शिकवली. मीही तसंच सांगत आले. फारम कोणी भरला हे मी कधी विचारलंच नाही, भाऊ. मला वाटलं, त्यांनीच भरला असंल."

उरलेल्या तीन कॅसेटी पुढच्या रविवारी उतरल्या. त्यात विशेष काही नव्हतं, पण हेमराज होता. मी व्हीसीआर गोधडीत गुंडाळून परत आणला. तुरकरांच्या लग्नाचं मात्र काही करता आलं नाही. ती चुरगळलेली पट्टी मी नागपूरला एकाकडे दाखवली, त्यानंही मान हलवली. त्यात हेमराज काय बोलला असेल, हे कोणालाच कधी कळणार नाही, आणि याला जबाबदार मी आहे. त्यानंतर मी कोणालाही कार्ड देण्याआधी त्याला बसवून घेऊन कॅसेटमध्ये काय आहे ते विचारू लागलो. पुष्कळ लोकांना ते आवडायचं नाही. काहींना इतकं आवडायचं, की दुकान बंद करायची वेळ निघून जायची.

दिवाळीनंतर मॅडम दुकानात आल्या. काही घ्यायचं नव्हतं. दिवाळीला त्या गावी, सासऱ्यांकडे गेल्या होत्या. सीडी सोबत नेली होती.

"ऐकवलं का त्यांना?" मी विचारलं.

"ऐकवलं. मामाजींना आता कमी ऐकू येते, म्हणून आवाज मोठा केला. त्यांनी सगळं ऐकलं. मी विचारलं, मामाजी, तुम्ही मला कधी सांगितलं काऊन नाही?"

"मग?"

"ते म्हणाले, मनापासून म्हटलंच नव्हतं तेव्हा, तर सांगू काय? तुह्या भावानं कॅमेरा खुर्चीवर ठेवला, पण त्याचा लाल दिवा जळून राहिला होता. मले दिसून राहिला होता. म्हटलं, हा उद्या चार लोकांत लावून दाखवंल. म्हनून हो म्हटलं." मॅडमनी पिशवी मांडीवर घेतली. "मग म्हणाले, पण एकदा म्हटलं, मंग तुले सोडायला बस स्टँडवर रोज मीच येत होतो ना."

"येत होते?"

"दोन वर्षं," मॅडम म्हणाल्या. "सायकलवर. पावसातसुद्धा."